कुंकवावरचा लेप

पिपलानीच्या क्वार्टरांत मराठी घरं बरीच. नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झालं, कारखाना उभा राहिला आणि पुण्या-नागपूरकडची मंडळी वळकट्या बांधून इथे आली. नरहर कुंटे त्यांतलाच. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर लेप चढवायचा, हे त्याचं काम. धातू हलका, पण भारी नाजूक. खारं पाणी लागलं की पांढरी भुकटी होऊन झडायचा. म्हणून लेप दिलेल्या पट्टीवर खिळ्याने धातूपर्यंत खोल फुली मारायची आणि ती मिठाच्या धुक्याच्या पेटीत टांगायची. फुली मारूनही टिकला तर लेप खरा.

खंडेनवमीला त्याची बायको सुचेता म्हणाली, "सगळ्यांची हत्यारं पूजेला आहेत. तुमचं काय मांडू? पेन?"

नरहरने एक कोरी पट्टी घरी आणली. सुचेताने बोटाने हळदकुंकू लावलं, तर ओली हळद बघता बघता लालभडक झाली. ती दचकली. "अगं, धातूचा गुण आहे तो," नरहर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दसऱ्यानंतर ती पट्टी धुऊन लेप द्यायचा होता. पण आता सांगा, बायकोने लावलेलं कुंकू नवऱ्याने कसं पुसायचं? शिकलासवरलेला माणूस, पण हात धजेना. त्याने कुंकवावरूनच लेप चढवला, फुली मारायचंही टाळलं आणि पट्टी गुपचूप पेटीत टांगली.

बाकीच्या पट्ट्या झडल्या, ही मात्र लखलखीत राहिली. फुली नसल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. खात्याचे मुख्य नीळकंठ दामले तर हरखूनच गेले.

घरी सुचेताला तहान लागायला लागली. माठ पुरेना. ओठ खारट लागतात, म्हणायची. मग सकाळी तिच्या उशीवर पांढरी भुकटी दिसू लागली. इथली हवा मानवत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं. नरहरने ती भुकटी बोटांत चोळून पाहिली. तसली भुकटी तो रोज पेटीच्या तळाशी बघत होता.

एकदा कारखान्याची वीज गेली आणि पेटी बंद पडली. त्या दिवशी सुचेता पोटभर जेवली, शेजारच्या वंदनाशी फाटकात हसत बोलत उभी राहिली. वीज आली आणि ती पुन्हा माठाकडे धावली.

पट्टीचं मीठ सुचेताला बाधतंय, हे नरहरला पटलं असं नव्हे. पण बायको हातची जाते की काय, या भीतीने तो अर्धा झाला होता. त्याने पट्टी बाहेर काढली, कोरडी केली आणि कापसात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली.

सुचेता सुधारली. गालांवर रंग आला. "बघा, मानवली शेवटी इथली हवा," ती म्हणाली. नरहर मोरीत जाऊन पोटभर रडला.

थंडी पडली. एका दुपारी तो जेवून प्रयोगशाळेत परतला, तर खण उघडा होता.

मदतनीस काशिनाथ हात पुसत उभा होता. "साहेब, दामले साहेबांना ती पट्टी परत टेस्टला पाहिजे होती. तुमची फुली मारायची राहून गेली होती. मी मारून दिली. एकदम बराबर, धातूपर्यंत."

"कधी?"

"आत्ताच. पेटीत लावली पण."

नरहरने पट्टी ओरबाडून बाहेर काढली आणि सायकलवर टांग मारली.

घराचं दार उघडं होतं. सुचेता दाराकडे पाठ करून मटार सोलत बसली होती.

"आज लवकर?" तिने वळून न बघताच विचारलं.

"सुचेता, दुखतंय का गं कुठे?"

"नाही बाई. का?"

तिचं पोलकं पाठीवर तिरकं चिरलं होतं, एकदा इकडून, एकदा तिकडून. रक्ताचा टिपूस नव्हता. चिरांतून बारीक पांढरी भुकटी फरशीवर गळत होती, आणि सुचेता मटार सोलत होती.