गुरुजींच्या भिंतीवरची बाज

हे घडलेलं आहे. ताडकळसच्या बाजूच्या एका गावात, पाच वर्षांमागं, जानेवारी महिन्यात. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरात माणसं राहतात, आणि ती भिंत अजून उभी आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

गीताबाईंचे मालक सिद्धोधन गुरुजी पूर्णेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या गार्डानं त्यांना एक विलायती चित्र दिलं होतं. जॉर्ज राजांच्या काळातलं, तिकडच्या निवडणुकीचं. ढेरपोटे उमेदवार, दारू पाजणारी माणसं, आणि मधोमध घोंगडीत गुंडाळलेला, मरायला टेकलेला एक म्हातारा. त्याला उचलून मत द्यायला नेतायत. गुरुजी सांगायचे, तिकडं अशी चित्रं दुकानाच्या काचेला लावत, आणि ज्याचं चित्र तोच गर्दीत उभा राहून बघत असे.

गुरुजींनी गावात तेच केलं. निवडणूक आली की रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशानं चित्र. माणसाचं एकच अंग मोठं करायचं, हा त्यांचा नियम. सरपंचांचं पोट, त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या दत्तरावांचे कान. सरपंच स्वतः बघायला यायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, औंदा पोट बारीक काढलंत. आमी आजारी दिसायलोत का?"

गीताबाई चाळीस वर्षं म्हणत राहिल्या, माझंबी काढा की एकदा.

गुरुजी हसायचे. "तुझं काय मोठं करू? अजून सापडलं न्हाई."

त्यांचं शेवटचं चित्र बाजेचं होतं. चौघांच्या खांद्यावर बाज, बाजेवर आजारी माणूस, मतदानाला निघालेला. चेहरा कोरा ठेवलेला. हा कोण, असं गीताबाईंनी विचारलं.

"जो असा नेला जाईल, तो," गुरुजी म्हणाले. "मला मात्र कधी असं नेऊ नका."

महिन्याभरात त्यांना लकवा मारला. वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा.

काही वर्षांनी मुलगा सूर्यभान ग्रामपंचायतीला उभा राहिला. आधीच्या खेपेला तो एका मतानं पडला होता. एका मतानं. ते त्याच्या काळजाला लागून राहिलं होतं, आणि त्याच्या माईच्याही.

आचारसंहिता लागली. भिंती पुसा, असा निरोप आला. गीताबाईंनी चुन्याचे दोन हात दिले. बाज झाकली गेली.

तिसऱ्या दिवशी सगळे तुरीच्या राशीला शेतात गेले होते. घरात दोघंच. गीताबाई चुलीपाशी.

बाहेरून आवाज आला...

खर्र... खर्र...

भिंतीवर कोळसा घासल्याचा. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. चुकणार कसा?

त्या बाहेर गेल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

पांढऱ्या चुन्यावर चौघांचे पाय उमटले होते. फक्त पाय.

जुना कोळसा चुन्यातून वर येत असेल, असं मनाशी म्हणत त्या आत आल्या. गुरुजी होते तसेच पडलेले. नजर आढ्याला.

डाव्या हाताची बोटं... काळी होती.

गीताबाईंनी ओल्या फडक्यानं ती पुसली. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खांदे आले. मग बाज आली. त्या रोज बोटं पुसत राहिल्या. भीती वाटली का, असं पुढं नातीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "न्हाई. काहीच वाटलं न्हाई."

मतदानाच्या आदल्या दिवशी सूर्यभान बापाच्या पायाशी बसला. मतदानाची शाळा जवळच आहे, बाबाला बाजेसकट नेऊ, मायनं सोबत जाऊन बटण दाबायचं, चालतंय तसं. तो माईकडं बघत बोलत होता.

त्याच्या पाठीमागं गुरुजींचा डावा हात उचलला गेला.

हळूच हलला. इकडून तिकडं...

नाही... नाही...

सूर्यभानला तो दिसला नाही. गीताबाईंना दिसला.

त्यांनी मान वळवली. चुलीवरच्या दुधाकडं बघितलं.

"ने," त्या म्हणाल्या.

चौघांनी बाज उचलली. गीताबाई मतदानाची चिठ्ठी घेऊन उशाशी चालल्या. बटण त्यांनीच दाबलं. गुरुजींच्या डाव्या बोटाला शाई लागली. येताना त्यांची मूठ मिटलेली होती.

संध्याकाळी चहा भरवायला गेल्या, तर गुरुजी गेलेले होते.

सूर्यभान निवडून आला. एका मतानं.

गुरुजींच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आलेले पाहुणे पांगले, त्या दुपारी...

खर्र... खर्र...

आत बाज रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

गीताबाई बाहेर गेल्या. बाजेच्या उशाशी आता एक बाई होती. हातात चिठ्ठी. लुगडं गीताबाईंचं, नाक गीताबाईंचं. आणि मान... पिळलेल्या दोरीसारखी लांब, बाजेपासून पार उलटीकडं वळलेली.

गुरुजींना सापडलं होतं.

त्या रडल्या नाहीत. रस्त्यात उभ्या राहून बघत राहिल्या. नात सुकेशनी जवळ आली. "आजी, हे तुमी हाव का?"

सूर्यभान म्हणाला, हे विरोधकांचं काम. त्यानं चुना दिला. पुन्हा दिला. चित्र वर येतच राहिलं. बाजेवरचा चेहरा तेवढा कोराच राहिला. गुरुजी नेले गेले, तरी कोरा.

आता निवडणूक परत आली आहे. गेल्या साली गीताबाईंचा खुबा मोडला. त्या गुरुजींच्याच बाजेवर असतात, त्याच भिंतीला डोकं लावून. परवा सूर्यभान सहज बोलून गेला, "माय, चालायची फिकीर करू नको. बाबाला नेलं तसं बाजेसकट नेऊ."



त्या दिवसापासून दुपारी आवाज येतो. पूर्वी भिंतभर फिरायचा. आता एकाच जागी. त्यांच्या डोक्यामागं...

खर्र... खर्र...

काल त्यांनी सुकेशनीला बाहेर बघायला धाडलं. ती आली आणि दारातच थांबली.

चेहरा भरायला लागलाय का, त्यांनी विचारलं.

हनुवटी आलीय, ती म्हणाली. आणि थोडं नाक.

"कुणासारखं दिसतंय गं?"

सुकेशनीनं मान वळवली.