पट्टा कोणी लावला?

"कॅप्टन, बर्फाखाली दिवा जळतोय."

फोनवर मात्वेय होता. पर्यटकांसाठी मुक्कामाचं घर चालवणारा हा माणूस सकाळी कुणाला फोन करत नसे. सकाळी तो लोकांना नाश्ता वाढण्यात आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात गुंतलेला असे. बेटावरच्या पोलीस चौकीच्या कॅप्टन अर्सलानने चहा तसाच टाकला आणि जीप काढली.

थंडीत बैकाल तळं बघायला सगळा देश लोटतो. गोठलेल्या तळ्यावर पालथं पडून फोटो काढायचे, कपारींत लटकलेल्या बर्फाच्या सुळक्यांखाली उभं राहायचं, आणि घरी जाऊन थंडीच्या बढाया मारायच्या. ओल्खोन बेटावरच्या अर्ध्या चुली त्यावर पेटतात. तळं मात्र आपल्या मर्जीने तडकतं. खारान्सीच्या भूशिराजवळ काल अशीच एक भेग रुंदावली होती आणि तिच्यात झोरिक्तोची करडी व्हॅन नाक खाली घालून बुडाली होती. वर पाण्याचा नवा पापुद्रा गोठला होता. त्याखाली एक हेडलाइट अजून जळत होता.

दहाच्या सुमाराला व्हॅन वर आली. झोरिक्तो आतच होता. बेटावरचा सगळ्यात बडबड्या ड्रायव्हर, आणि पहिल्यांदाच गप्प.

तो स्टिअरिंगसमोर नव्हता, शेजारच्या सीटवर होता. त्याचा सीटबेल्ट लावलेला होता. चालवणाऱ्याची सीट रिकामी होती, त्या बाजूचं दार सताड उघडं.

"पट्टा!" मात्वेय ओरडला. "बर्फावर पट्टा! आपल्यातला कोणी लावेल का, अर्सलान बातोविच?"

कोणीच लावला नसता. जमिनीवरून बर्फावर उतरताना इथे पट्टे सुटतात आणि दारं सैल होतात. गाडी आत गेली तर उडी मारता यायला हवी. उतारावर तशी पाटीही आहे, पण ती पाहुण्यांसाठी. बेटावरच्यांना पाटी लागत नाही.

"म्हणजे गाडी बाहेरचाच कोणीतरी चालवत होता," मात्वेय म्हणाला. "आणि कोण ते मी सांगतो. तो मॉस्कोवाला ग्लेब. काल दिवसभर झोरिक्तोच्या मागे लागला होता, एकदा चालवू दे, एकदा चालवू दे. त्याचे बूट बघा जाऊन. अजून ओले आहेत."

जमलेली माणसं कुजबुजू लागली. ती कुजबुज अर्सलानला आवडली नाही.

तेवढ्यात दुल्मा आली. झोरिक्तोची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती भावाकडे बराच वेळ बघत राहिली, रडली नाही. मग वळून तिने अर्सलानच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"न्यूमोनिया होईल तुला."

तिचा स्वतःचा कोट वाऱ्यावर उघडाच फडफडत होता. पायात वारलेल्या नवऱ्याचे लोकरीच्या नमद्याचे मोठे बूट होते, त्यामुळे ती फरफटत चालत होती.

"घरी जा, दुल्मा. आज सुट्टी घे."

"आणि शाळेतून पोरं कोण आणणार? तू?"

ती शाळेची मिनीबस चालवायची. अर्सलानची मुलगीही तिच्याच गाडीने जायची.

ग्लेबला अर्सलानने भूशिराकडे न्यायचं ठरवलं. पोरगेलासा माणूस, डोळे सुजलेले. जीप बर्फावर उतरली आणि ग्लेबचा हात आपोआप खांद्यामागे, पट्ट्याकडे गेला.

"हात खाली!"

"माफ करा. सवय."

"काल दारू कोणी पाजली झोरिक्तोला?"

"मीच. त्याने आधी थोडी तळ्याला शिंपडली, म्हणाला पहिला घोट तळ्याच्या मालकाचा. मग प्यायलो. बरीच."

"मग?"

"माझा कॅमेऱ्याचा स्टँड कपारीत राहिला होता. परत आल्यावर आठवलं. मी म्हटलं, महागाचा आहे हो. तो म्हणाला, अंधार पडायच्या आत आणून देतो." ग्लेब काचेबाहेर भेगेकडे बघत होता. "मी मारलं त्याला, कॅप्टन."

"तू गाडीत होतास?"

"नाही."

"बूट कशाने भिजले?"

"बर्फातल्या मासे धरायच्या भोकात पाय गेला."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

परत आले तेव्हा चौकीसमोर दहाबारा जण उभे होते. मात्वेय पुढे, दुल्मा सगळ्यात मागे. "ह्याला आजच तळ्यापलीकडे धाड, तुरुंगात सडू दे. नाहीतर आम्ही बघतो ह्याचं काय करायचं ते."

"तुझ्याच घरात उतरलाय तो, मात्वेय. काल त्याला ओमुल मासा कोणी खिलवला?"

"काल तो पाहुणा होता."

अर्सलानने ग्लेबला चौकीत बसवून दाराला कुलूप लावलं. कुणापासून कुणाला वाचवतोय ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. साक्षीदार नाही, बूट ओले, आणि तो पट्टा. पलीकडच्या कुठल्याही न्यायाधीशाला एवढं पुरलं असतं.

शाळा सुटायच्या वेळी आज तो स्वतःच मुलीला घ्यायला गेला. मिनीबस दारात उभी होती. दुल्मा एका पोराला दप्तरावरून रागावत होती आणि रागावता रागावता दुसऱ्याचा पट्टा लावत होती. मग तिसऱ्याचा. हातांकडे ती बघतही नव्हती. सगळ्यांचे लावून ती स्टिअरिंगसमोर बसली. तिचा स्वतःचा पट्टा बाजूला तसाच लोंबत राहिला.

अर्सलान मुलीला हाक मारायला विसरला.

संध्याकाळी तो दुल्माच्या घरी गेला. सोबत ग्लेब आणि मात्वेय. शेगडीमागे तिचे स्वतःचे बूट वाळत होते. कातड्यावर पाण्याचे पांढरे डाग चढले होते.

"ह्या पाहुण्याला कशाला आणलंस?" दुल्माने विचारलं.

"त्याला ऐकायचा हक्क आहे. बस, दुल्मा." अर्सलान उभाच राहिला. "आपण सगळे सकाळपासून एकच विचारतोय, की बर्फावर पट्टा लावतं कोण? बाहेरचा माणूस. बरोबर. पण बाहेरचा आधी स्वतःचा पट्टा लावतो. ग्लेबचा हात माझ्या जीपमध्ये आपोआप तिकडे गेला. तो चालवत असता तर आज आपल्याला दोन प्रेतं मिळाली असती."

मात्वेय दाराजवळच्या बाकावर बसला.

"चालवणारा वाचला, कारण त्याचा पट्टा नव्हता आणि दार सैल होतं. त्याला बर्फ कळत होता. म्हणजे आपल्यातलाच. मग त्याने झोरिक्तोला का बांधावं?"

"त्याला मारायला," मात्वेय पुटपुटला. "पण त्याला कोण मारेल? त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं."

"नव्हतंच. म्हणून मी प्रश्न बदलला. बेटावर असं कोण आहे, जे स्वतःला पट्टा लावत नाही पण दुसऱ्याला लावतं? रोज, हाताकडे न बघता? ते माणूस सकाळी माझी चेन लावत होतं आणि त्याचा स्वतःचा कोट उघडा होता. त्याच्या पायात नवऱ्याचे बूट होते, कारण त्याचे स्वतःचे इथे वाळतायत."

मात्वेयने शेगडीकडे पाहिलं. मग दुल्माकडे पाहिलं आणि टोपी काढली.

दुल्मा टेबलावरची चुरगळलेली चादर सारखी करत बसली.

"तो झिंगला होता," ती म्हणाली. "मी किल्ली हिसकावली. म्हटलं, सरक, तो कॅमेऱ्याचा दांडा मीच आणते. बसल्या बसल्या झोपला. सारखा माझ्या खांद्यावर कलंडत होता. मी त्याला सरळ केलं." तिने चादरीचं टोक दुमडलं. "पुढचं चाक गेलं तशी मी उडी मारली. लहानपणापासून तेच शिकलो ना आपण. मला वाटलं तोही मारेल. वळून बघितलं तर तो तसाच बसलेला. तेव्हा मला आठवलं, की सरळ करताना मी काय केलं. पोटावर पडून हात घातला. बटण हाताला लागलं नाही, अर्सलान. मग दिसायचाच बंद झाला."

"आणि घरी कशी आलीस?"

"चालत. कोणी विचारलं नाही."

ग्लेब हळूच म्हणाला, "सकाळी ते सगळे माझ्यावर ओरडत होते. तुम्ही तिथेच होता."

"होते." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "खोटं कशाला बोलू? तुझ्यावर जातंय तर जाऊ दे, असं वाटलं मला. गाडी बुडवली, एवढं मी सांगितलं असतं रे. पण माझ्या पोराला मी बांधून ठेवलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

पोराला म्हणाली ती. भावाला नाही.

 दारूची बाटली ग्लेबची, कॅमेऱ्याचा स्टँड त्याचा. मात्वेय जमिनीकडे बघत होता. ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा गळा त्याचा.

"हा अपघात आहे, दुल्मा," अर्सलान म्हणाला. "मी तसंच लिहीन. गप्प राहिलीस त्याचं उत्तर तुला पलीकडे द्यावं लागेल. पण मी सोबत येईन."

तिने मान हलवली. मग उठून खुंटीवरच्या मिनीबसच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"उद्यापासून दुसरं कोणी बघ. ह्या हातांत पोरं देऊ नका."

असं काही नाही, तूच चालव, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो शब्द अगदी ओठांवर आला. मग त्याला आपली मुलगी आठवली, आणि त्याने किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. दुल्माने ते पाहिलं.