सात रात्रींचा शब्द

आमचं लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण ही गोष्ट सुरू झाली त्या बुधवारी आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो.

मी इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत मेलेल्या शब्दांचं खोकं सांभाळते. पन्नास वर्षांत कुणी वापरला नाही की शब्द खोक्यात. बाहेर यायचा नियम एकच — दोन जिवंत माणसांनी एकमेकांना लिहिताना तो मनापासून वापरलेला दाखवायचा. नियम संपादकांचा. त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो. तोवर एकही शब्द परत आलेला नव्हता.

छापखान्याचा प्रूफवाला चुकून माझ्याच टेबलाशी आला. गठ्ठा ठेवता ठेवता त्याने खोक्यातलं वरचं कार्ड वाचलं — सेनाइट.

"हा कशाने गेला?"

मी सांगितलं, जुने इंग्रज दिवसांऐवजी रात्री मोजायचे. सात रात्री म्हणजे सेनाइट, आपला आठवडा. चौदा रात्रींचा फोर्टनाइट अजून ठणठणीत आहे. हा धाकटा मात्र गेला.

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि एका कानावरची पेन्सिल उगाच दुसऱ्या कानावर ठेवली...

मग तो दर बुधवारी यायला लागला. आईने विचारलं, ऑफिसात सगळे म्हातारे आहेत म्हणतेस, मग बुधवारीच ड्रेसला इस्त्री कशाला? मी म्हटलं, म्हाताऱ्यांचाही मान ठेवावा.

एका बुधवारी खोडरबरांनी जाहीर केलं, यापुढे प्रुफं ईमेलने. प्रूफवाल्याने शेवटचा गठ्ठा ठेवला आणि जिना उतरला. फार सावकाश उतरला. बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "काम नसताना आलो तर चालेल? सेनाइटने?"

समासात मी तोवर फक्त 'वगळा' लिहिलं होतं. हात सवयीने तिकडेच निघाला... मी त्याला आवरलं आणि लिहिलं: "सेनाइट फार लांब आहे. उद्या ये."

गठ्ठा परत जाताना खोडरबरांच्या सहीला जातो, हे मला नंतर आठवलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला, खोक्यातलं कार्ड काढून घेतलं.

"नियमात बसतंय," ते म्हणाले. "उद्या अर्धी रजा टाका."

लग्नाला हॉल मिळाला तो सव्वीस सेनाइटांनंतरचा. म्हणून हा अर्ज.

प्रति, माननीय कालगणना अधिकारी, असतील तिथे. अर्जदारांची अडचण लक्षात घेऊन आठवडा यापुढे एका रात्रीचा करण्यात यावा, ही नम्र विनंती.