पोस्ट सात, क्लियर

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथांना आमच्या घरात आता कुणी भीक घालत नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती रुपाली माझी सख्खी पुतणी. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवते. असल्या बाईच्या तोंडून थाप निघणं अवघड.

आणि भुताची गोष्ट म्हटली की अमावास्या, मध्यरात्र, कुत्र्याचं रडणं... यातलं इथे काहीच नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. रविवार. टळटळीत दुपार. बाराला आठ मिनिटं कमी.

जागा महाळुंग्याच्या मागची. तिथे दगडाची एक जुनी खाण आहे. क्रशर कधीच बंद पडला, खाणीत हिरवं पाणी साठलं. खाणीला वळसा घालून मुरमाचा चार किलोमीटरचा रस्ता जातो. रुपालीच्या क्लबची रॅली त्याच रस्त्यावर होती. एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची, जी सगळ्यात कमी वेळात फिरून येईल ती जिंकली.

सहा वर्षांपूर्वी हा क्लब भोसरीच्या एका गॅरेजमध्ये सुरू झाला, तेव्हा आठ माणसं होती आणि तीन सेकंडहँड गाड्या. ज्याला गाडी नाही तो झेंडा धरायचा. ज्याला झेंडा नाही तो वडापाव आणायचा. सयाजीमामा मोठ्याने ओरडायचे, तीच सूचना आणि तोच नियम.

आता गाड्या तीस झाल्या होत्या. चेहरे नवे, हेल्मेटं नवी. आणि क्लबची प्रमुख म्हणून रुपालीला निवडलं होतं.

तिने फॉर्म आणले, जॅकेटं आणली, वॉकीटॉकीचे सेट आणले. सयाजीमामांना हे काही पचलं नाही. आठवड्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, "क्लब होता, त्याची तू कंपनी केलीस. उद्या मला अंगठा लावून हजेरी द्यायला सांगशील."

"मामा, तोंडी कारभार तीन गाड्यांना चालतो. तीसला नाही."

"मग सातला तुझा कागदच उभा कर."

"नाही आलात तरी अडायचं नाही," रुपाली म्हणाली.

बोलून गेली. शब्द सुटला तो सुटला.

आता हे सातचं प्रकरण सांगतो. त्या रस्त्यावर सात अवघड वळणं. प्रत्येक वळणावर एक मार्शल, म्हणजे झेंडा आणि सेट घेऊन उभा राहणारा माणूस. गाडी समोरून गेली की त्याने नंबर सांगायचा आणि म्हणायचं, "क्लियर." सातव्याचा "क्लियर" आला, की मगच पुढची गाडी सोडायची. सातवं वळण क्रशरच्या मागचं, एकदम आंधळं. तिथे पहिल्या दिवसापासून सयाजीमामाच उभे राहायचे.

त्या रविवारी ते आलेच नाहीत. फोनही बंद.

दुसरा माणूस नव्हता. जुने लोक मामांच्या बाजूने रुसलेले, नव्यांना सगळ्यांना गाडीच चालवायची. त्यात राज्याच्या रॅली संघटनेचे निरीक्षक आलेले. त्यांनी होकार दिला तर पुढच्या वर्षी क्लबला राज्याची स्पर्धा मिळणार होती. नाही दिला, तर परत तीन गाड्या आणि वडापाव.

निरीक्षकांनी विचारलं, "सातही पोस्टवर माणसं आहेत?"

रुपालीने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हो सर."

वीस वर्षं लोकांच्या चुका पकडणाऱ्या पोरीने ही एक चूक स्वतःच्या हाताने केली. तिचा हिशेब साधा होता. सहावर धम्मपाल होता. भोसरीत त्याचं लेथचं वर्कशॉप, माणूस भरवशाचा. त्याचा "क्लियर" आला की मनात तीस आकडे मोजायचे आणि पुढची गाडी सोडायची. सातनंतर रस्ता टेकडीमागून बाहेर येतो, गाडीची धूळ दिसतेच.

सुरुवातीच्या रेषेवर ती, निरीक्षक आणि सनी. सनी पिंपळे सौदागरला मोबाईलचं दुकान चालवतो. गाडी सोडताना बोटं दुमडत पाच-चार-तीन-दोन-एक करायचं काम त्याचं.

पहिली गाडी सुटली.

पोस्ट एक, क्लियर. दोन. तीन. चार. पाच. धम्मपालचा सहा.

रुपाली मनात मोजायला लागली. एक... दोन... अठ्ठावीस... एकोणतीस...

सेट खरखरला.

"पोस्ट सात... एक गेली. क्लियर."

रुपालीने सेट कानाजवळ नेला.

आवाज घोगरा होता. दमलेला. एप्रिलची धूळ खाल्लेला.

आले तर शेवटी म्हातारबुवा... ती मनात म्हणाली. बांधावरून परस्पर गेले असतील. रुसले तरी पोस्ट सोडवली नाही त्यांना. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. "हो सर" आता खोटं राहिलं नव्हतं.

टेकडीमागून धूळ उठली. पहिली गाडी बाहेर आली.

दोन गेली, क्लियर. तीन गेली, क्लियर.

सगळं घड्याळासारखं चाललं. निरीक्षक मान डोलावत कागदावर टिकमार्क करत होते. एकदा म्हणाले, "तुमचा सातवाला चोख आहे."

"जुना माणूस आहे," रुपाली म्हणाली.

चौथ्या गाडीनंतर तिला एक गोष्ट जाणवली. बाकी मार्शल बोलायचे तेव्हा मागून वारा ऐकू यायचा, गाडीची घरघर यायची, मध्येच कोणी खोकायचं.

सातच्या मागे काहीच नसायचं.

वारा नाही. गाडी नाही. श्वाससुद्धा...

विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं.

दहावी गाडी गेली तेव्हा पावणेबारा झाले होते. ऊन असं की माणसाची सावली पायाखाली गोळा झालेली. खाणीवरच्या टिटव्या सकाळपासून कलकलत होत्या, त्या कधी गप्प झाल्या ते कळलंच नाही.

अकरा नंबर सुटला. दिग्विजय चालवायला, शेजारी रस्ता वाचायला प्रीतम. आणि रेषेवर बारा नंबर येऊन लागला. त्यात गणराज होता. रुपालीचा धाकटा भाऊ.

"तायडे, लवकर सोड," त्याने खिडकीतून आवाज दिला. "इंजिन तापतंय आणि मीपण."

"तुझं डोकं आधी गार कर," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

सयाजीमामा.

एका कानाला फोन, दुसऱ्या हातात सेट. "बोला मामा."

"रुपाली, रागावू नकोस पोरी." मागे मूल भोकाड पसरून रडत होतं, बायकांचा गलका. "आळंदीला आलोय. नातवाचं जावळ काढतायत. रागाच्या भरात कुणाला न सांगता आलो, हे काही बरं केलं नाही मी. सातला कुणाला उभं केलंस?"



सेटवर धम्मपाल म्हणाला, "सहा. अकरा गेली. क्लियर."

आणि लगेच...

"पोस्ट सात. अकरा गेली. क्लियर."

लगेच. सहा ते सात गाडीला अर्धा मिनिट लागतो. पण आवाज लगेच आला.

"हॅलो? रुपाली? कोण आहे सातला?" मामा विचारत होते.

तिने फोन खाली घेतला. टेकडीकडे बघितलं.

एक... दोन... दहा... वीस...

धूळ आली नाही.

तीस. पस्तीस.

धूळ आली नाही.

"मॅडम, क्लियर आला की," निरीक्षक म्हणाले. "सोडा पुढची. वेळ जातोय."

सनीने हात वर केला. गणराजने इंजिन पिळलं.

सेट पुन्हा खरखरला. या वेळी आवाज जवळून आला. गोड, समजावणीचा.

"क्लियर आहे... बारा सोड."

सातव्या पोस्टवर माणूस नाही, हे त्या माळावर एकट्या रुपालीला माहीत होतं. तो आवाज खोटा आहे असं म्हणायचं, तर आधी आपण खोटं बोललो असं म्हणावं लागणार होतं. निरीक्षक हाताच्या अंतरावर. सहा वर्षांचा क्लब त्यांच्या एका सहीवर.

सनीची बोटं दुमडायला लागली. पाच. चार.

"बारा सोड..."

तीन.

रुपाली धावत जाऊन बारा नंबरच्या बॉनेटसमोर उभी राहिली. दोन्ही हात पसरून. गणराजने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी आवरली.

तिने सेटचं बटण दाबलं.

"सगळ्या पोस्ट ऐका. सातवर माणूस नाही. सकाळपासून नाही. मी खोटं सांगितलं. अकरा नंबर सहा आणि सातच्या मध्ये अडकलाय. लाल झेंडे काढा. धम्मपालदादा, पळा."

निरीक्षकांचं पेन कागदावर तसंच थांबलं.

सेट खरखरला. मग हळूच...

"बारा..."

आणि खरखर थांबली. पुन्हा आली नाही.

अकरा नंबर क्रशरच्या वळणावर सापडला. रस्त्यात आडवा, कुशीवर पडलेला. दारं अडकलेली. आत दिग्विजय आणि प्रीतम पट्ट्यांना लोंबकळत, जिवंत. वळणाच्या अलीकडून ते अजिबात दिसत नव्हते. मागून भरधाव बारा आला असता तर अकराला घेऊन सरळ खाणीत गेला असता. चाळीस फूट खाली हिरवं पाणी. पोरांना पट्टे कापून बाहेर काढलं. प्रीतमच्या हाताचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं.

तिथून धम्मपाल पुढे सातव्या पोस्टपर्यंत गेला. तिथे एक बाभूळ आहे. बाभळीखाली कुणी नव्हतं. झेंडा नाही, बाटली नाही, पावलांचे ठसेही नाहीत.

पण मार्शल लोकांची एक सवय असते. गाडी गेली की काडीने मातीत एक रेघ ओढायची, म्हणजे मोजणी चुकत नाही.

बाभळीखाली रेघा होत्या. ताज्या.

धम्मपालने दोनदा मोजल्या.

बारा.

संध्याकाळी सगळे भोसरीच्या गॅरेजमध्ये बसले होते. चहा गार होत होता. रुपाली म्हणाली, "तो आवाज मला अगदी मामांचा वाटला. म्हणून मी फसले."

धम्मपालने तिच्याकडे बघितलं. "मामांचा?"

"मग कुणाचा?"

"रुपाली... सातचं तर तूच सांगत होतीस. सगळा वेळ तुझाच आवाज. मला वाटलं, मामांच्या सेटला रेंज नसेल, फोनवर ऐकून तू पुढे सांगतेयस."

"मी नाही बोलले."

चौथ्या पोस्टवरचा नवनाथ म्हणाला, "ताई, मलापण तुमचाच ऐकू आला."

सनी कोपऱ्यात बसला होता. रुपालीने विचारलं, "सनी, तू तर शेजारी होतास. सांग यांना."

सनीने कप खाली ठेवला.

"ताई, निरीक्षक कागदात बघत होते, मी तुम्हाला बघत होतो. तुम्ही सेट तोंडाशी धरायचात, बटण दाबायचात आणि म्हणायचात, पोस्ट सात, क्लियर." तो जमिनीकडे बघत होता. "मग सेट कानाला लावून... तेच ऐकत बसायचात. आणि हसायचात."

"आणि बारा सोड?"

"तेपण."

गणराज उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

उन्हाने भोवळ आली असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण मग त्या रेघा कुणी ओढल्या? रुपाली रेषा सोडून एक पाऊल हलली नव्हती, हे निरीक्षकांनीच लिहून दिलंय. ते एक अजबच. त्यांनी कागदावर खोटं बोलल्याचा शेरा मारला, आणि खाली लिहिलं की वेळेवर थांबवणारी प्रमुख मिळणं अवघड असतं. या वर्षी क्लबला पुन्हा परवानगी आहे. जागा तीच. गाड्या चाळीस.

सयाजीमामा परत आलेत. या खेपेला सुरुवातीच्या रेषेवर सनीबरोबर ते उभे राहणार. फॉर्मसुद्धा भरला त्यांनी, शिव्या घालत.

आणि सातला रुपाली स्वतः.

परवा घरी आली होती. मी म्हटलं, "सेट जपून ने गं."

"सेट नेणार नाही, काका. नुसता झेंडा. क्लियर असेल तर हिरवा, नसेल तर लाल. बांबूला बांधून उंच धरला की सहावरून धम्मपालदादांना दिसतो."

"का?"

"सेट माझ्याकडे नसताना सातवरून आवाज आला, तर तो माझा नाही एवढं तरी कळेल."

मी म्हातारा, आयुष्यभर कुणाच्या बोलण्यावर गप्प बसलेलो नाही. म्हटलं, "आणि आला तर?"

तिने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला.