बिघडवलेली दोन घरं

"कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, ती जाळी पाहिजे. सहा कोनांच्या घरांची."

ताडकळसच्या बाजाराचा दिवस. हार्डवेअरच्या दुकानात शिवकांतनं मान वर केली.

"कोंबड्या किती हायत?"

"एकबी न्हाई." ती हसली. "कार्बनची नळी दाखवायचीय. खरी तर केसाहून लय बारीक असते."

राजनंदिनी परभणीला एम.एस्सी. करत होती. दुकानातच बसून तिनं जाळीच्या दोन नळ्या वळल्या, थोड्या वेगळ्या मापाच्या. त्या जोडताना मात्र एक घर पाच कोनांचं केलं, शेजारचं सात कोनांचं. वडिलांच्या मोटारसायकलवर बाजाराच्या पिशव्या होत्या, म्हणून नळी तिथंच ठेवली. सकाळी बसआधी न्यायची. सेमिनार होता.

सकाळी शिवकांतनं नवी कोरी, सरळसोट नळी पुढं केली.

"दोन घरं बिघडली होती. अख्खी नवीन वळून दिली."

"अहो... तेच तर दाखवायचं होतं!"

तिचे डोळे भरून आले. शिवकांतनं पक्कड उचलली. दोघं पायरीवर बसली. तार वाकवताना बोटाला बोट लागलं... दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

"पण बिघाड कशाला दाखवायचा?" त्यानं हळूच विचारलं.

"इकडची नळी वीज सहज जाऊ देते, तिकडची अडून बसते. स्वभावच वेगळे. ही पाच-सातची घरं मधी आली, की दोघी जुळतात. मग वीज एकाच बाजूनं जाते."

"उलटी येत न्हाई?"

"जवळजवळ न्हाईच."

त्यानं तारेला आणखी एक पीळ दिला.

"माझं... कालपासून तसंच झालंय."

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. ती नळी छातीशी धरून पळाली. उत्तर राहूनच गेलं.

दिवसभर शिवकांतनं खिळे मागणाऱ्यांना स्क्रू दिले. आपण बोललो ते चुकलंच, असं त्याला वाटत राहिलं. परभणीच्या तीन बसगाड्या आल्या, गेल्या. चौथीतून ती उतरली. नळी हातात, जरा चेपलेली. जोड मात्र शाबूत.

"सरांनी विचारलं, एवढा पक्का जोड कुणी केला?"

"मग?"

"म्हणलं, आमी दोघांनी."

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

"पण तुमी तर म्हणलात... एकदा गेली की उलटी येत न्हाई."

"ते विजेचं," राजनंदिनी पायरीवर सकाळच्याच जागी बसत म्हणाली. "मी आले की."