वाकड्या काकडीचा भाव

"ही वाकडी. ही पण. आणि ही तर... पार कमानच!"

"तुमचं काय वाकडं केलंय हो तिनं?"

मी पट्टी खाली ठेवून मान वर केली. सेंद्रिय भाजीच्या त्या चकचकीत दुकानात माल तपासायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. बाक बोटभरापेक्षा जास्त नको, हा नियम मालकांचा. पण समोरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत असा काही राग होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"औषध मारत नाही म्हणून रोज सकाळी एकेक अळी हातानं वेचतो. त्याला लावा की पट्टी! निम्म्या मालाचा भाव मिळतो, निम्मा फुकट. हा हंगाम शेवटचा. मग वेल उपटून मोकळा होतो."

जाताना त्यानं एक वाकडी काकडी माझ्यापुढे ठेवली. "घरी लहान कुणी असेल तर द्या. चांदोबा म्हणावं."

घरी आम्ही दोघीच. लेक पोटात असतानाच तिचे वडील वेगळे झालेले. मी सफरचंदसुद्धा मिठाच्या पाण्यात तीनदा धुणारी बाई... आणि त्या दिवशी पिशवीतून काढलेला चांदोबा लेकीनं तसाच कचाकचा खाल्ला. मी नुसती बघत राहिले.

मग दर मंगळवारी, शुक्रवारी क्रेटमध्ये सगळ्यात वर एक चांदोबा असायचा.

"आज कशी आहे?" तो विचारायचा.

"वाकडीच."

"काकडी की मॅडम?"

"शेतकरी!" मी म्हणायचे, आणि उगाचच वहीत डोकं घालायचे.

नाकारलेला माल परत न्यायचं भाडं त्याला परवडत नसे, म्हणून तो दुकानातच राही. 'खताला घालतो,' असं मालक सांगायचे. एका शुक्रवारी मी चिकटपट्टी शोधायला मागच्या खोलीत गेले, तर त्याच वाकड्या काकड्यांच्या चकत्या करून डब्यांत भरणं चाललेलं! वर लेबल— 'शेतकऱ्याच्या मायेनं'. भाव सरळ काकडीच्या तिप्पट. चकत्या केल्यावर कुठला बाक दिसतोय?

"भावनिक होऊ नका, मॅडम," मालक म्हणाले. "धंदा आहे."

शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी मी... पण पट्टी मी त्यांच्या हातात दिली. "मग या चकत्यांनाही लावा!"

बाहेर तो टेम्पोतून क्रेट उतरवत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याच्या हातातला क्रेट तसाच राहिला.

"तुमची नोकरी...?"

"गेली. क्रेट परत चढवा. पाळणाघरापाशी चला."

साडेपाचला पाळणाघराच्या फाटकाशी माझ्यासारख्याच घाबरट आया मुलांना न्यायला जमतात. मी क्रेट उघडले. सरळ, वाकडी, भाव एकच— दुकान त्याला द्यायचं त्याच्या दुप्पट, दुकान गिऱ्हाइकाकडून घ्यायचं त्याच्या निम्मा. अर्ध्या तासात क्रेटच्या तळाला फक्त माती उरली.

"वेल उपटणार?" मी विचारलं.

"आता कसा उपटू?"

लेक चांदोबा चघळत त्याच्या गुडघ्याला बिलगली. "काकडीकाका, उद्या पण?"

तो हसला. मग माझ्याकडे न बघताच, हळूच म्हणाला, "हे 'काका' तेवढं... कधीतरी बदलता येईल?"

माझे कान तापले. "माझ्यातही बराच बाक आहे हं... आधीच सांगते."

"असू दे," तो म्हणाला. "माझ्याकडे पट्टी नाही."