कॅचरची पिवळी नखं

ऐक ना वं तारा. फक्त ऐक. मधात बोलू नको, नाही तर माह्यानं पुरं सांगणं होणार नाही.

फायनलचा दिवस. सकाळचे नऊ. होस्टेलच्या हॉलमधून मधुकरराव सरांचा आवाज आला, "भूमिकाचा दाखला कुठे आहे?"

आम्ही सगळ्या धावलो. श्वेता तर पायाले कॅचरचे पॅड बांधलेलीच धावत आली. टेबलावर फाइल उघडी. सोळा पोट्ट्यांचे सोळा जन्माचे दाखले पाहिजेत. सरांनी तीनदा मोजले.

पंधरा.

आता तुले नियम सांगते, कारण सारं त्याच्यावरच आहे. पंधरा वर्षांखालच्या पोरींचं बेसबॉल, आठ देश, अन् मॅचेस आपल्या नागपुरात. एक जानेवारी दोन हजार अकराच्या आधी जन्मलेली पोरगी चालत नाही. फायनलच्या दिवशी दहा वाजता दिल्लीच्या टेक्निकल मॅडम येणार, ओरिजिनल दाखले पाहणार. ज्या पोरीचा दाखला नाही, ते बाहेर बसन, बाकीची टीम खेळन. पण एक जरी दाखला खोटा निघाला, तर पुरी टीम बाद. सरांनीच आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

अन् भूमिका म्हणजे आमची पिचर. चेंडू फेकणारी. काटोलकडच्या खेड्यातली. बापाच्या संत्र्याच्या बागेतली माकडं गोटे मारून हाकलता हाकलता तिचा हात असा बसला का काही विचारू नको. ते नसन तर फायनलमधे श्रीलंकेसमोर आम्ही म्हणजे पापड.

तिच्या बॅगमधे तळहाताएवढा लाकडाचा बैल राहते, चाकांचा. तान्ह्या पोळ्याले लहान पोट्टे ओढतात ना, तसा. "मी तान्ह्या पोळ्यालेच झाली. दारात बैल अन् घरात मी," असं ते हासून सांगे. मॅचच्या आधी आम्ही साऱ्या त्या बैलाच्या शिंगाले हात लावू.

तिच्याच गावची श्वेता. आमची कॅचर. दोघी पहिलीपासून संगं. एका ताटात जेवणाऱ्या.

अन् रितिका. ते थर्ड बेसले खेळे, पण करंगळी मोडली, म्हणून स्कोअर लिहायले बसवली. तिले आम्ही 'विसर्जन' म्हणतो. अकरा सप्टेंबर दोन हजार अकराले झाली, अन् त्या दिवशी गणपती विसर्जन होतं. तिची माय सांगते, दवाखान्याच्या खिडकीतून ढोल ऐकू येऊन राहिले होते. आम्ही चिडवतो, "बाप्पा गेले अन् हे आली!"

पहिल्याच दिवशी भिंतीवर टीमची यादी लागली, जन्मतारखांसंगं. रितिका ओरडली होती, "भूमिके, नऊ सप्टेंबर! तू माह्यापेक्षा दोनच दिवसांनी मोठी वं!" भूमिका हासली, अन् बुटाची लेस बांधायले खाली वाकली. लेस बांधलेलीच होती.

हे ध्यानात ठेव.

तर, सर डोकं धरून बसले. रितिकानं स्कोअरबुक उघडलं, कानामागची पेन्सिल काढली.

"ए विसर्जन, पोलीस झाली काय वं?" कोणी तरी बोललं. ते काही हासली नाही.

"सर, फाइल कुठं होती?"

"माझ्या खोलीत. कपाटात."

"खोलीले कुलूप?"

"होतं. चावी नेहमीसारखी चौकटीवर. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे ते."

"शेवटी कधी पाहिली?"

"सात वाजता. तेव्हा सोळा होते. मग तर्री-पोहे खायला कोपऱ्यावर गेलो. आलो आठला."

"भूमिकाचा दाखला कोणी आणला होता?"

"मीच. तिच्या वडिलांना कुठे जमतं, बेटा? दोन चकरा मारून मी स्वतः आणला. पण याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. लिहून राहिली."

मग तिनं भूमिकाच्या दाखल्याचं रिकामं प्लास्टिक उचललं, उजेडात धरलं. कोपऱ्यावर पिवळा डाग. हुंगलं, तर नेलपॉलिशचा वास.

कुजबुज सुरू झाली. कारण साऱ्यांना समजलं.

कॅचर पिचरच्या समोर उकिडवी बसते ना, अन् मांड्यांच्या मधात बोटं दाखवून सांगते का आता असा चेंडू टाक. तेवढ्या लांबून बोटं दिसली पाहिजेत. म्हणून श्वेता मॅचच्या दिवशी सकाळी नखं पिवळीजर्द रंगवते. टीममधे दुसरी कोणीच नाही.

आम्ही तिच्या हाताकडे पाहिलं. तिनं मुठी वळल्या.

"श्वेता, साडेसातले कुठं होती?"

"नखं रंगवून राहिली होती."

"मग?"

"मग काय? काही नाही."

"सरांच्या खोलीत गेली होती?"

श्वेतानं पॅडचा पट्टा आवळला, तारा.

"हाव."

"दाखला तू घेतला?"

"हाव."

"काहून?"

हे तिनं सांगितलंच नाही. मान खाली. टपटप आसवं त्या पॅडांवर.

सर उठले. "लाज वाटत नाही? एका ताटात जेवता अन् पोटात एवढी जळजळ? तिचं नाव पेपरात येतं, तुझं येत नाही म्हणून?"

मी भूमिकाकडे पाहिलं. मले वाटलं, आता हे बोलन. ते बैलाचं चाक बोटानं फिरवून राहिली होती. गोल, गोल, गोल.

तेवढ्यात मॅडम आल्या. दहाले पाच कमी. सरांनी त्यायले हिंदीत सारं सांगितलं. चोरी झाली, चोर घरचीच आहे. मॅडमनं कागद काढला, पेन उघडला. "लड़की का नाम?" सर बोलले, "श्वेता." त्या कागदावर नाव चढलं का संपलं. श्वेता देशासाठी पुन्हा कधी खेळूच शकली नसती.

"थांबा," रितिका बोलली. मराठीत. मॅडमले मराठी येत नाही.

"सर, श्वेता कॅचर आहे. भूमिका बाहेर बसली तर तिच्या जागी बदली पिचर येईन, श्वेता नाही. मग श्वेताले काय भेटलं? फायनल हारणं? अन् दाखला गायब झाल्यानं होते काय? भूमिका एकटी बाहेर. टीम खेळते. मग मी विचार केला, दाखला मॅडमच्या हाती पडला असता, तर काय झालं असतं?"



ते भूमिकाकडे वळली. "भूमिके, तुहा वाढदिवस?"

"नऊ सप्टेंबर."

"अन् झाली कोणत्या सणाले?"

"तान्ह्या पोळ्या…" चाक थांबलं.

"पोळा अमावस्येले," रितिका बोलली. "तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. गणपती त्याच्या मागून बसतात. हे तर नागपूरच्या शेंबड्या पोराले बी माहीत. मी अकरा सप्टेंबरले झाली तेव्हा गणपती बुडून राहिले होते. मग त्याच्या दोनच दिवस आधी तान्हा पोळा कुठून आला? मी आत्ता मोबाइलवर जुनं पंचांग पाहिलं. दोन हजार अकराचा तान्हा पोळा ऑगस्टमधेच होऊन गेला. नऊ सप्टेंबरले आला तो त्याच्या आदल्या साली. दोन हजार दहाले."

तारा, आम्ही साऱ्यांनी त्या बैलाच्या शिंगाले हात लावला होता. रोज. अन् एकीच्याही डोक्यात हे आलं नाही.

"ज्यानं दाखला बदलला त्यानं तारीख तशीच ठेवली, फक्त साल बदललं. पोळा दरसाल सरकते, हे तो इसरला. अन् दाखला आणला कोणी, हे सरांनी आत्ताच सांगितलं. श्वेता तिच्याच गावची. तिले खरं साल आधीपासून माहीत. म्हणून मॅडम यायच्या आधी तिनं तो खोटा कागदच गायब केला. टीम वाचावी म्हणून. भूमिकावर बंदी येऊ नये म्हणून. चोर म्हटलं तरी चूप राहिली."

मग ते श्वेताच्या पायाशी बसली, डाव्या पॅडचा पट्टा सोडला. मॅच दोन वाजताची, अन् पॅड नऊलेच बांधलेले! आतून घडी केलेला कागद पडला. त्याच्यावर पिवळी बोटं.

सर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले मले.

"पावणेचार महिने," ते बोलले. "पावणेचार महिन्यांनी मोठी आहे ती. आणि पुढच्या वयाच्या मुलींची टीमच नाही आपल्याकडे. मग काय, हा हात परत माकडं हाकलायला पाठवू? असा हात मी पस्तीस वर्षांत पाहिला नाही, बेटा. मी साल बदललं. ती बिचारी नाही म्हणत होती."

भूमिका तेव्हा आपणहून पहिल्यांदा बोलली. "श्वेते, मी बोलणार होती वं. खरंच बोलणार होती."

श्वेतानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

आता नीट ऐक. मॅडम मधात उभ्या. त्यायले एक शब्द समजला नव्हता. खाली पडलेला कागद श्वेतानं पायाखाली दाबला. अन् मॅडमच्या सगळ्यात जवळ कोण? मी.

"क्या हुआ? ये लोग क्या बोल रहे हैं?"

श्वेता माह्याकडे पाहून मान हालवून राहिली. नको. नको सांगू. दोन वाजता फायनल आहे. माह्यं नाव जाऊ दे.

मी म्हटलं, "कुछ नहीं, मॅडम."

मॅडमनं पेन टेकवला. 'श्वे' लिहिलं. मी पाहिलं ना, 'श्वे' लिहिलं.

तेव्हा रितिकानं पेन्सिल टेबलावर ठेवली, अन् सारं हिंदीत सांगितलं. पहिल्यापासून. एक गोष्ट सोडली नाही.

पुढचं तुले माहीत आहे. पेपरात आलंच. टीम बाद. सरांवर चौकशी. भूमिकावर दोन वर्षं बंदी. फायनल श्रीलंका अन् तिसऱ्या नंबरची टीम खेळली. आम्ही होस्टेलच्या गच्चीवरून लाउडस्पीकर ऐकला.

श्वेताचं नाव साफ आहे. एका डागाचं नाही. पण ते रितिकासंगं बोलत नाही. जाताना एवढंच बोलली, "माह्यं नाव माह्यं होतं. तुले कोणी वाचवायले सांगितलं होतं?" अन् बसमधे चढली. नखं अजून पिवळीच होती.

भूमिका दुसऱ्या बसनं गेली. एकाच गावाले, दोघी दोन बसनं. बैल बाकावरच राहिला. रितिकानं उचलला नाही, मग मी आणला. हा पाहा. एक चाक थोडं ढिलं आहे.

रितिका रोज फोन करते. विचारते, "मी चुकली काय वं?" मी विषय बदलते. कारण विचारलं तर पहिले मले होतं, अन् मी 'कुछ नहीं' म्हटलं होतं.

तू सांग, तारा. माह्या जागी तू उभी असती, मॅडमचा पेन 'श्वे'वर थांबलेला असता, अन् श्वेता तुह्याकडे पाहून मान हालवून राहिली असती, तर तू काय केलं असतं?